गुरुत्वीय लहरी आणि गुरुत्वाचे सिद्धांत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर, ठाणे, डोंबिवली इथल्या शाळांत आणि वाचनालयांत मी गेली काही वर्षं या विषयावर बोलतो. भाषण तासाभरात संपतं, प्रश्न मात्र संपत नाहीत आणि शेवटी शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा राहतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. जमेल तिथे प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवला आहे.

गुरुत्वीय लहर म्हणजे काय, एका वाक्यात सांगाल का?

धावत सुटलेली भरती-ओहोटी.

हे वाक्य मी मुंबईत मुद्दाम वापरतो, कारण भरती इथे सगळ्यांना ठाऊक असते. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती कधी आहे हे आपण आधी बघून ठेवतो, कारण त्याच वेळी जोराचा पाऊस आला तर हिंदमाताला पाणी तुंबतं. ही भरती येते कशी? चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो, मध्याला त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूला आणखी कमी. या फरकामुळे समुद्र चंद्राच्या रेषेत ताणला जातो आणि तिच्या आडव्या दिशेने दबतो. म्हणूनच भरती दिवसातून दोनदा येते.

गुरुत्वाची खरी ओळख या फरकात आहे. समजा लिफ्टची दोरी तुटली आणि लिफ्ट मोकळी पडू लागली. आतल्या माणसाला वजन जाणवणार नाही, हातातून सोडलेलं मोसंबं त्याच्यासमोर तरंगत राहील. पण दोन मोसंबी शेजारी शेजारी सोडली, तर ती अगदी हळूहळू एकमेकांकडे सरकतील, कारण दोघांनाही पृथ्वीच्या केंद्राकडेच जायचं आहे. वजन नाहीसं झालं तरी हा ताण-दाब उरतो. आइन्स्टाइनने यालाच अवकाश-काळाची वक्रता म्हटलं. प्रचंड वस्तुमानं वेगाने एकमेकांभोवती फिरतात तेव्हा या ताण-दाबाचा काही भाग उगमापासून सुटतो आणि प्रकाशाच्या वेगाने चहूकडे निघतो. तो ज्या दिशेने चालला असेल तिच्या आडवं सगळं एका अंगाने ताणलं जातं आणि काटकोनातल्या अंगाने दबतं, मग क्षणात याच्या उलट. हीच गुरुत्वीय लहर.

चंद्र अचानक नाहीसा झाला तर वरळीच्या समुद्राला ते कधी कळेल?

सहावीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला होता. गुरुत्वाच्या सिद्धांतांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती मांडता येईल, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

खरं तर चंद्र नुसता नाहीसा होऊ शकत नाही, निसर्गाचे नियमच ते होऊ देत नाहीत. म्हणून असं म्हणू, की कोणीतरी चंद्राला जोरात ढकलला. १६८७ साली प्रसिद्ध झालेला न्यूटनचा नियम सांगतो, की वरळीच्या पाण्याला ते त्याच क्षणी कळेल. मध्ये अंतर कितीही असो, वेळ लागणार नाही. मधल्या रिकाम्या जागेतून, कशाच्याही मध्यस्थीशिवाय ओढ पोहोचते हे न्यूटनला स्वतःलाही पटत नव्हतं, पण नियम ग्रहांना अचूक लागू पडत होता. आइन्स्टाइनचा १९१५ सालचा व्यापक सापेक्षता सिद्धांत सांगतो, की चंद्राची बातमी पोहोचायला साधारण १.३ सेकंद लागतील आणि सूर्याची पोहोचायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद. बातमीला वेळ लागतो म्हटलं की ती वाटेत कुठल्यातरी रूपात असणारच. ते रूप म्हणजे लहर.

चादरीवर चेंडू ठेवून वक्रता दाखवतात, ते बरोबर आहे का?

मी पूर्वी दाखवायचो, आता दाखवत नाही. चादरीत चेंडू रुततो तो खालच्या पृथ्वीच्या गुरुत्वामुळे. म्हणजे जे समजावून सांगायचं, तेच आधी गृहीत धरलेलं असतं. दुसरी अडचण याहून मोठी आहे. चादर फक्त जागेची वक्रता दाखवते. झाडावरून आंबा पडतो तो मुख्यतः काळाच्या वक्रतेमुळे, म्हणजे जमिनीजवळचं घड्याळ उंचावरच्या घड्याळापेक्षा किंचित सावकाश चालतं म्हणून. हे पुस्तकी नाही. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं वेग आणि उंची दोन्हींचा परिणाम धरून दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती आधीच केलेली असते, म्हणून रिक्षावाल्याच्या मोबाईलवरचा नकाशा योग्य गल्ली दाखवतो.

चौपाटीवरच्या लाटासुद्धा ‘गुरुत्व लहरी’ असतात असं वाचलं. त्या याच का?

नाही. पाण्याचा उंचवटा गुरुत्वामुळे खाली येतो आणि लाट पुढे सरकते, म्हणून द्रवांच्या अभ्यासात त्यांना तसं नाव आहे. तिथे हलतं ते पाणी. इथे ज्यांबद्दल बोलतो आहोत त्या लहरींत दोन वस्तूंमधलं अंतरच कमीजास्त होतं. घोटाळा नको म्हणून मी ‘गुरुत्वीय लहरी’ हा शब्द धरून ठेवतो.

आइन्स्टाइनने १९१६ मध्ये सांगितलं, मग सापडायला शंभर वर्षं का लागली?

पहिली चाळीसेक वर्षं लहरी खऱ्या आहेत की नुसत्या गणितातल्या, याचाच वाद चालला होता. आइन्स्टाइन स्वतः डळमळले. १९३६ मध्ये त्यांनी रोझेन या सहकाऱ्याबरोबर अशा लहरी नसतातच असा निष्कर्ष काढणारा लेख पाठवला. परीक्षकाने चूक दाखवल्यावर ते रागावले आणि लेख त्यांनी परत घेतला. पुढे चूक ध्यानात आली तेव्हा निष्कर्ष बदलून तो दुसरीकडे छापला. हा प्रसंग मी मुलांना आवर्जून सांगतो, कारण एवढ्या मोठ्या माणसानेही शेवटी गणितापुढे मान झुकवली.

१९५७ मध्ये अमेरिकेत चॅपेल हिल इथे झालेल्या परिषदेत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी वादाचा निकाल लावणारी एक सोपी कल्पना मांडली. एका काठीवर सैलसर मणी ओवा. लहर गेली की मणी पुढेमागे सरकतील, काठीवर घासतील आणि काठी गरम होईल. ऊब आली म्हणजे ऊर्जा आली, आणि ऊर्जा वाहून आणणारी गोष्ट खोटी कशी असेल?

त्यानंतर जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या जाड दंडगोलांनी लहरी पकडल्याचा दावा १९६९ मध्ये केला. तो इतर कोणाला पडताळता आला नाही, पण शोध घ्यायची हिंमत त्यांनीच पहिल्यांदा केली. पहिला भक्कम पुरावा १९७४ मध्ये सापडलेल्या एका जोडताऱ्याने दिला. हल्स आणि टेलर यांना सापडलेले हे दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठ्या ताऱ्यांचे उरलेले अतिघन गोळे, पावणेआठ तासांत एकमेकांभोवती फेरी मारतात आणि हा काळ दरवर्षी सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी घटतो. लहरींवाटे ऊर्जा जाते असं धरलं की हिशेब तंतोतंत जुळतो. याबद्दल दोघांना १९९३ चं नोबेल मिळालं.

लायगो नेमकं मोजतं काय?

लायगो म्हणजे या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळा. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. आतली हवा जवळपास पूर्ण काढून टाकलेल्या नळ्या. टोकांना ४० किलोचे काचेचे आरसे, एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेले. एकच लेसर किरण दुभागून दोन्ही भुजांत पाठवतात. परत आल्यावर दोन्ही भाग एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडतील अशी रचना असते, म्हणजे एरवी समोर अंधार. एक भुजा ताणली आणि दुसरी दबली, की खोडाखोड बिघडते आणि अंधारात थोडा उजेड पाझरतो. तो उजेड मोजायचा.

किती ताण? २०१५ मध्ये पहिल्यांदा सापडलेल्या लहरीने लांबीत फरक केला तो १ वर २१ शून्यं देऊन जो आकडा होईल, त्यातल्या एका भागाइतका. चार किलोमीटरच्या भुजेत हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण चारशेव्या हिश्शाइतका होतो. मग बाकीच्या हादऱ्यांचं काय? परळला रुळांलगतच्या एका चाळीत माझं लहानपण गेलं. रात्री शेवटची लोकल गेली की माठावरचं पितळी झाकण बारीक आवाज करत थरथरायचं. लायगोच्या माणसांचं निम्मं आयुष्य अशी झाकणं शोधून शांत करण्यात जातं. हॅनफर्डच्या वेधशाळेत एकदा नोंदीत विचित्र टकटक येऊ लागली, तर बाहेरच्या थंड पाइपावर साचलेला बर्फ डोमकावळे चोचीने टोचत होते. वेधशाळा दोन आहेत, हॅनफर्ड आणि सुमारे तीन हजार किलोमीटरवरचं लिव्हिंगस्टन, त्या याचसाठी. कावळा दोन्हीकडे एकाच वेळी टोचत नाही.

पण सर, लहरीने जागा ताणली तर प्रकाशही ताणला जाईल. मग मोजपट्टीच बदलली, फरक कळणार कसा?

रुईया, रुपारेलच्या मुलांचा आवडता प्रश्न, आणि अगदी रास्त. त्या क्षणी भुजेत असलेला प्रकाश ताणला जातो हे खरंच. पण प्रकाश चार किलोमीटर जायला फक्त १३ मायक्रोसेकंद घेतो आणि लहरीचं एक आंदोलन काही मिलिसेकंदांचं असतं. तेवढ्यात जुना प्रकाश निघून जातो आणि लेसरमधून नवा, न ताणलेला प्रकाश येत राहतो. त्याला ताणलेल्या भुजेतून जायला-यायला जास्त वेळ लागतो. दादरच्या पुलावरून दोन मित्र एकाच चालीने निघाले, एक माटुंग्याकडे आणि एक शिवाजी पार्ककडे, आणि परत आले. कोण उशिरा आला एवढंच बघायचं आहे, रस्ता मोजायचाच नाही. इथे प्रकाश मोजपट्टीचं काम करत नाही, घड्याळाचं करतो.

पहिली लहर आली तेव्हा काय झालं?

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं. गणपती तीन दिवसांवर आले होते. लहर आधी लिव्हिंगस्टनला पोहोचली आणि ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि ६२ पटीचं एक कृष्णविवर उरलं. बेरीज करून बघा. तीन सूर्यांइतकं वस्तुमान गेलं कुठे? ते लहरींच्या ऊर्जेत गेलं, तेही क्षणार्धात. ही घटना सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरची होती. घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि २०१७ चं नोबेल वाइस, थॉर्न आणि बॅरिश यांना मिळालं.

ती नोंद आवाजात बदलून ऐकता येते, कारण आंदोलनं आपल्या कानाच्याच टप्प्यातली आहेत. सेकंदाच्या पाचव्या हिश्शात ती सेकंदाला ३५ वरून २५० पर्यंत चढतात. हार्मोनिअमवर बोलायचं तर खोल खर्जातून जवळपास तीन सप्तकं वर चढणारी एक मींड, मधल्या पांढरी एकच्या किंचित खाली येऊन थांबलेली. मी सभागृहात ती ऐकवतो तेव्हा लोक ‘पुन्हा एकदा’ म्हणतात, कारण पहिल्यांदा ती ऐकू येईपर्यंत संपलेली असते.

या लहरींमुळे गुरुत्वाच्या सिद्धांतांचं काय झालं?

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट इथे घडली, आणि वर्तमानपत्रांत तिला फारच कमी जागा मिळाली.

विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होत आहे हे १९९८ मध्ये कळलं. ते कशामुळे, हे समजेना. काहींनी अज्ञात ऊर्जा मानली, तर काहींनी गुरुत्वाचा नियमच मोठ्या अंतरांवर वेगळा असेल असं म्हणून नवे सिद्धांत रचले. ते कागदावर निर्दोष होते, सूर्यमालेतल्या सगळ्या कसोट्यांना उतरत होते. त्यांतल्या अनेकांत एक गोष्ट मात्र निराळी होती. त्यांच्या हिशेबाने गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशाच्या वेगाहून वेगळा यायचा.

१७ ऑगस्ट २०१७. मुंबईत संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं, लोकल खच्चून भरायची वेळ. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली. १.७ सेकंदांनी त्याच दिशेकडून गॅमा किरणांचा, म्हणजे अतिशय तीव्र प्रकाशाचा, झोत आला. ही टक्कर एनजीसी ४९९३ नावाच्या दीर्घिकेत, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर झाली होती. लहर आणि प्रकाश तिथून निघाले तेव्हा अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा काळा खडक जन्माला यायला अजून साडेसहा कोटी वर्षं होती. इतका प्रवास करून दोघांमधलं अंतर १.७ सेकंद, आणि तेही झोत तिथूनच थोडा उशिरा निघाला म्हणून असण्याची शक्यता जास्त. म्हणजे दोन्ही वेगांत १,००,००,००,००,००,००,००० भागांत फार तर तीनेक भागांचा फरक. एका संध्याकाळी सिद्धांतांचं अख्खं कपाट रिकामं झालं. कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारा पण गुरुत्वाने ओढणारा पदार्थ, न मानता दीर्घिकांचं फिरणं समजावू पाहणारा टेव्हेस नावाचा सिद्धांतही मूळ रूपात तिथेच पडला.

सहावीतल्या मुलीच्या प्रश्नाचं मोजलेलं उत्तर हे. गुरुत्वाची बातमी प्रकाशाच्याच वेगाने येते.

मग आइन्स्टाइनचाच सिद्धांत शेवटचा, असं समजायचं का?

तसं कोणीही जाणकार म्हणणार नाही. कृष्णविवराच्या गाभ्यात हा सिद्धांत स्वतःच अनंत उत्तरं देऊ लागतो, अणूंच्या जगाचे नियम सांगणाऱ्या पुंजभौतिकीशी त्याचं अजून जुळलेलं नाही आणि कृष्णद्रव्याचा कण हाती लागलेला नाही. म्हणून त्याला धक्का देऊन बघणं चालूच आहे.

या कामात आपली माणसं सुरुवातीपासून आहेत. कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी हॉइल यांच्यासह १९६४ मध्ये गुरुत्वाचा वेगळा सिद्धांत मांडला. वस्तूचं वस्तुमान तिचं एकटीचं नसून विश्वातल्या बाकी साऱ्या पदार्थामुळे तिला मिळतं, ही त्यामागची कल्पना. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ज्ञात चार बलांखेरीज निसर्गात पाचवं बल आहे का हे पीळ-तुलेने, म्हणजे तारेला पडणारा पीळ मोजणाऱ्या काट्याने, तपासलं, मात्र मुंबईत नव्हे, कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला जमिनीखाली, जिथे शांतता होती. ते बल आढळलं नाही.

आणि विश्वेश्वरा. १९७० मध्ये त्यांनी गणिताने दाखवलं, की धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं नादतं आणि शांत होतं. देवळातल्या घंटेचा नाद तिच्या धातूवर, जाडीवर, आकारावर ठरतो. कृष्णविवराचा नाद फक्त वस्तुमान आणि फिरण्यावर ठरतो, बाकी कशावरही नाही. त्यात दुसरा कुठला सूर मिसळलेला आढळला, तर आइन्स्टाइनच्या सिद्धांतात भेग सापडली म्हणायचं. १४ जानेवारी २०२५ ची लहर २०१५ च्या लहरीहून सुमारे तिप्पट स्पष्ट होती, तीत हा नाद नीट ऐकता आला. भेग दिसली नाही. कृष्णविवरांचं एकूण पृष्ठफळ कधी घटत नाही, हे हॉकिंग यांचं १९७१ चं म्हणणंही तीत पडताळलं. आधीच्या दोघांचं मिळून साधारण २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून कमी. नंतरच्या एकाचं सुमारे ४ लाख, म्हणजे महाराष्ट्राहून बरंच जास्त.

मंगळसूत्रातलं सोनं न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींतून आलंय, हे खरं?

काही भाग नक्कीच. २०१७ च्या टकरीनंतरच्या प्रकाशात जड मूलद्रव्यं तयार झाल्याच्या खुणा मिळाल्या. सगळंच सोनं असं घडलं की आणखीही वाटा आहेत, यावर संशोधन सुरू आहे.

लायगो-इंडिया हिंगोलीला का? मुंबईजवळ का नाही?

कारण मुंबई कधी स्वस्थ बसत नाही. रुळांवरचे हादरे, मेट्रोची खोदाई, बांधकामं, आणि या सगळ्यांच्या खाली समुद्र. लाटांचा मंद हादरा किनाऱ्यालगतच्या जमिनीत अखंड चालू असतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ सपाट, समुद्रापासून लांब, वर्दळ कमी असलेली जागा मिळाली. तिथेही जमीन अगदीच निश्चल नाही, २०२४ मध्ये त्या भागात भूकंपाचे धक्के जाणवले होते. पण यंत्राला अधूनमधून बसणारा धक्का सोसतो, रोजची थरथर सोसत नाही.

तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली आणि पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये, सुमारे २६०० कोटी रुपयांची. मुंबईत मुख्यालय असलेला अणुऊर्जा विभाग आणि पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुका यांचा त्यात मोठा वाटा आहे. फायदा दिशेचा. दोनच वेधशाळांवरून लहर कुठून आली हे अंधूक कळतं. इटलीतली व्हर्गो आणि जपानमधली काग्रा आहेतच, त्यांत भारताची भर पडली की आकाशातली शोधायची जागा खूपच आक्रसते आणि दुर्बिणी वेळेत तिकडे वळवता येतात.

एवढे पैसे यावर खर्च करणं योग्य आहे का?

मला योग्य वाटतं, आणि ते मी मराठवाड्यातल्या पाण्याची अवस्था ठाऊक असूनही म्हणतो. किलोमीटरच्या किलोमीटर निर्वात नळ्या, कंपनमुक्त टांगणी, स्थिर लेसर हे सगळं इथे बनवायला शिकणं हा त्या खर्चाचाच भाग आहे. हिंगोली-परभणीच्या मुलांना हे काम घराजवळ दिसेल, ही गोष्ट माझ्या लेखी फार मोठी आहे.

ते उभं राहीपर्यंत महाराष्ट्रात काहीच नाही का?

आहे की. नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ अँटेना. स्पंदक, म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ झोत पाठवणाऱ्या ताऱ्यांची टिकटिक तिथल्या नोंदींनी वर्षानुवर्षं तपासली जाते; लहर आली की हा ठेका किंचित पुढेमागे होतो. एकेक आंदोलन पुरं व्हायला वर्षं लागावीत अशा अतिदीर्घ लहरींचा पुरावा जून २०२३ मध्ये जगातल्या काही गटांनी मांडला, त्यांत आपला गटही होता. गोंगाटातून लहर ओळखण्याच्या गणितात आयुकाचे संजीव धुरंधर यांचं काम पायाभूत मानलं जातं. गर्दीच्या फलाटावर आपल्या माणसाची हाक ओळखू येते, कारण ती कशी असणार हे आधी माहीत असतं. त्यांचं गणित हेच करतं, संभाव्य लहरींचे नमुने आधी तयार ठेवून नोंदीशी पडताळत जातं.

या लहरी आत्ता माझ्या अंगातून जात आहेत का? त्रास होतो?

जात आहेत, सतत. त्रास काहीही नाही.

मी मुंबईत अकरावीला आहे. मला यात काय करता येईल?

गणित पक्कं कर आणि पायथन ही संगणकाची भाषा शीक. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून खगोलशास्त्र ऑलिंपियाडची माहिती घे. पुढे कलिनाचं मुंबई विद्यापीठ, पवईचं आयआयटी, कुलाब्याची टाटा संस्था, तिन्हीकडे या वाटेने जाता येतं.

थांबायचीही गरज नाही. लायगोच्या नोंदी इंटरनेटवर सर्वांसाठी फुकट खुल्या आहेत. १४ सप्टेंबर २०१५ ची हॅनफर्डची ३२ सेकंदांची फाइल उतरवून घे. आधी नुसता आलेख काढ, लहर दिसणारच नाही, फक्त जाड, वेडीवाकडी पट्टी दिसेल. मग सेकंदाला ३५ च्या खालची आणि ३५० च्या वरची आंदोलनं गाळून टाक. विजेच्या तारांची गुणगुण ६० वर येते, कारण तिथली वीज आपल्यासारखी ५० ची नसते, तीही काढ. आता दुपारच्या ३ वाजून २० मिनिटं ४५ सेकंदांच्या आसपासचा तुकडा मोठा करून बघ. काही आंदोलनं एकामागून एक उंच आणि दाट होत गेलेली दिसतील, आणि मग एकदम सपाट. त्याच्याखाली लिव्हिंगस्टनची नोंद ७ मिलिसेकंद सरकवून आणि उलटी करून ठेव. दोन्ही एकमेकांवर बसतात.